बायोमेडिकल उन्हाळी शिबिरांची दारं सीमाभागातल्या मुलांनाही उघडा : बेळगावच्या महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
बेळगावातील अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संचालक मंडळ,
तसेच बेळगाव व चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बेळगावात होणाऱ्या बायोमेडिकल उन्हाळी शिबिरांत आमच्या खेड्यातल्या शाळांच्या मुलांनाही जागा मिळावी, हेच म्हणणं मी आधी एका संस्थेच्या कार्यालयात लेखी देऊन आले होते. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. फोन केला तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" एवढंच सांगितलं गेलं. ते पुढचं वर्ष आता तोंडावर आलं आहे. पुन्हा तशाच अटींची जाहिरात निघण्याआधी हे सगळ्यांसमोर मांडते आहे.

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या एका संस्थेने आठवी ते बारावीच्या मुलांसाठी बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं शिबिर घेतलं. कल्पना उत्तम होती. हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर जोडायचा, ईसीजीचा आलेख वाचायचा, थ्रीडी प्रिंटरवर कृत्रिम हाताची बोटं बनवायची, रुग्णालयातली यंत्रं जवळून बघायची. माझ्या वर्गातल्या मुलांनी ती जाहिरात मोबाइलवर बघितली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणली. फी पाच आकडी होती. अर्ज फक्त इंग्रजीत, सोबत इंग्रजीत निबंध. स्वतःचा लॅपटॉप आणणं सक्तीचं. राहायची सोय नाही. मी चौकशी केली तर पलीकडून विचारलं गेलं, "मराठी मीडियमच्या मुलांना हे झेपेल का, मॅडम?"

या प्रश्नाचं उत्तर मला इथे द्यायचं आहे.

माझी एक विद्यार्थिनी. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात, आई शेतात राबते. आजी दवाखान्यात असताना रात्रभर सलाईनच्या बाटलीकडे डोळे लावून बसायचं काम हिच्याकडे होतं. बाटली संपली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर नळीत रक्त उलटं चढतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने वजनावर चालणारा गजर बनवला. बाटली हलकी झाली की स्प्रिंग वर उचलते, दोन पत्रे एकमेकांना टेकतात आणि बझर वाजतो. सगळं सामान जुन्या खेळण्यातून आणि वडिलांच्या कारखान्यातल्या भंगारातून आलं होतं. गजर चालला, पण बाटलीला कोणाचा धक्का लागून ती झुलली की उगाचच वाजायचा. "बाई, झुलणं आणि रिकामं होणं यातला फरक याला कसा शिकवायचा?" असं तिने मला विचारलं. लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) बसवून थोड्या थोड्या वेळाने वजनाच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची, हे मी तोंडी सांगू शकले. हातात द्यायला माझ्याकडे लोड सेल नव्हता, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, नव्हता आणि प्रयोगशाळाही नव्हती. आपल्याकडे हे सगळं आहे. तृतीय वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याने एका दुपारी तिच्यासोबत बसून ते करून दाखवलं असतं.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे शेवटी हेच ना? आजाऱ्याच्या उशाशी उभी राहिलेली अडचण ओळखायची आणि तिच्यावर चालणारं, परवडणारं, चुकीचा गजर न देणारं काहीतरी बनवायचं. त्यातला अवघड अर्धा भाग, म्हणजे अडचण ओळखणं, आमच्या मुलांनी आधीच केलेला असतो. पावसाळ्यात भीमगडच्या जंगलातल्या गावांतून आजाऱ्याला बांबूला बांधून, खांद्यावर घेऊन चिखलातून आणतात. ते खांदे कधी या मुलांच्या वडिलांचे असतात, कधी मोठ्या भावाचे. अशा वाटेवर कोणता स्ट्रेचर चालेल, हे त्यांना विचारून बघा.

आता मी अशी एक गोष्ट सांगते जी आपल्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आमच्या मुलांना मात्र ती कोणी सांगितलेली नाही, आणि माझ्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर एक मोठा अभ्यास झाला. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतले संशोधक त्यात एकत्र होते. १,६२० बायांनी त्यात भाग घेतला. बाळंतपणं घरात किंवा उपकेंद्रात, गावपातळीवर काम करणाऱ्या एएनएम सिस्टरांच्या हातून होत होती. रक्तस्राव रोखणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी दिलेल्या बायांमध्ये जास्त रक्तस्रावाचं प्रमाण ६.४ टक्के निघालं, ज्यांना नुसती तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली होती त्यांच्यात १२ टक्के. २००६ मध्ये हे 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ही गोळी फ्रीजमध्ये ठेवावी लागत नाही आणि सुईशिवाय देता येते. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

पण माझं लक्ष गोळीपेक्षा पिशवीवर आहे. रक्त किती गेलं हे मोजायचं कसं, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. नजरेने अंदाज घेतला तर तो कमी येतो. त्यासाठी प्लास्टिकची एक साधी चादर तयार केली गेली. बाळंतिणीच्या खाली सरकवायची, कमरेला बांधायची, खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त त्यात उतरतं आणि सिस्टर आकडा वाचते. बेळगावातच झालेल्या तुलनेत नजरेचा अंदाज या चादरीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे जिला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं, ती बाई नजरेला 'ठीक' वाटत होती. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या ४ देशांतल्या ८० रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रेघांच्या अशाच चादरीने रक्त वेळेवर मोजून उपचारांचा संच लगेच सुरू केला, आणि जीवघेण्या रक्तस्रावासारख्या गंभीर परिणामांमध्ये ६० टक्के घट दिसली.

त्या चादरीत मोटार नाही, वीज नाही, चिप नाही. तरीही ते बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे, आणि उत्तम दर्जाचं आहे. ते या मातीतल्या बायांच्या बाळंतपणांतून उभं राहिलं. त्या काळात जन्मलेली मुलं आज कॉलेजात किंवा नोकरीत आहेत, त्यांची धाकटी भावंडं नि भाचरं माझ्या वर्गात बसतात. ज्या बायांनी आपल्या बाळंतपणाच्या वेळी अभ्यासाला होकार दिला, त्यांच्या घरातल्या मुलांसाठी त्या विद्येच्या प्रयोगशाळेचं दार फीच्या पावतीवर उघडावं, हे मला मान्य नाही.

माझ्या तक्रारी आता सरळ मांडते.

पहिली फीची. मे महिन्यात आमच्या पश्चिम भागातली घरं काजू-बीवर आणि रोजंदारीवर चालतात. पाच आकडी फी म्हणजे त्या घराचा हंगाम. हप्त्यांची सवलत देऊन हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी भाषेची, आणि इथे मी थोडं जास्त बोलणार आहे. आमची मुलं दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकतात, पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली की एकदम इंग्रजीत. त्या उडीत किती मुलं विज्ञान शाखा सोडतात, हे शाळेच्या फळ्यासमोर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उन्हाळी शिबिर हा त्या उडीसाठी सगळ्यात चांगला आधार ठरला असता. सेन्सर, सर्किट, इलेक्ट्रोड हे शब्द तसेच राहू द्या, मुलांना ते पटकन येतात. समजावणं तेवढं मराठीत आणि कन्नडमध्ये करा. आपल्या कॉलेजात शिकणारी किती तरी मुलं याच तालुक्यांतून आलेली आहेत, त्यांना या दोन्ही भाषा येतात. त्यांनाच मार्गदर्शक करा. सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, त्याचं जे व्हायचं ते तिथे होईल. मी मराठी मुलांसाठी लिहिते आहे तितकंच बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गच्या कन्नड माध्यमाच्या मुलांसाठीही लिहिते आहे. त्यांनाही तोच इंग्रजी अर्ज आणि तीच फी आडवी येते.

आणि भाषेचा फायदा उलट्या बाजूनेही आहे. यंत्र वापरणारी सिस्टर, आशाताई, आजाऱ्याजवळ बसलेली म्हातारी या सगळ्यांशी बोलून त्यांची अडचण समजून घेणं हा या विषयाचा पाया आहे. ते बोलणं आमच्या मुलांना आपल्या शहरी विद्यार्थ्यांपेक्षा जास्त चांगलं जमेल, असं मी खात्रीने म्हणते.

तिसरी तक्रार राहण्याची आणि तारखांची. जून २०२३ पासून मुलींना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, ही मोठी सोय झाली. पण कणकुंबी, जांबोटीकडच्या गावांतून सकाळी निघून संध्याकाळी अंधाराच्या आत परतणं रोज जमत नाही, आणि आई-वडील मुलीला तसं पाठवतही नाहीत. होस्टेलच्या खोल्या सुट्टीत रिकाम्या असतात. तारखाही अशा ठरतात की शिबिराचा शेवट मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. तेव्हा इथे भाताची धूळवाफ पेरणी सुरू असते आणि घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा संपल्यानंतर एप्रिलच्या मध्यापासूनचे आठवडे मोकळे असतात. हे ठरवण्याआधी एकदा कोणा शिक्षकाला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

चौथी तक्रार शिक्षण खात्याकडे आहे. ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू बनवून बघायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा) मिळाल्या, त्यांना २० लाखांपर्यंतचं अनुदान आहे. ज्यांना नाही मिळाल्या, त्यांच्या मुलांना जवळच्या लॅबमध्ये सुट्टीत बसू देण्याची काहीही व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. लॅबला कुलूप आणि सुट्टीत मुलं रिकामी, हे दर उन्हाळ्यात चालतं.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान वयात बायोमेडिकल कशाला? करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर घ्या. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश जातो, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन असलेलं इन्फ्रारेड जास्त. दोन्हींच्या प्रमाणावरून पडद्यावरचा आकडा निघतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात यामागचं तत्त्व शोधलं. प्रकाश आणि हिमोग्लोबिन दोन्ही शाळेच्या पुस्तकात आहेत, पण वेगवेगळ्या धड्यांत. त्यांची गाठ घालून दिली की मुलाचे डोळे कसे चमकतात, ते मी पाहिलं आहे.

याच यंत्राबद्दल डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला असूनही ऑक्सिमीटरने ठीक आकडा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्वचेच्या रंगाचा प्रकाशाच्या शोषणावर परिणाम होतो. यंत्र कोणाच्या बोटावर तपासून बनवलं, याने जिवाचा फरक पडतो. उन्हात राबून काळवंडलेल्या हातांची माणसं यंत्र बनवणाऱ्यांच्या खोलीत बसलेली असावीत, हा माझा हट्ट त्यासाठी आहे.

आपल्याकडे याची जुनी उदाहरणं आहेत. १९६८ मध्ये जयपूरला कृत्रिम पाय बनला तो कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या जोडीने. शर्मांचं शालेय शिक्षण फार झालेलं नव्हतं. पण मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, अनवाणी शेतात चालणं हे त्या पायाने जमलं पाहिजे, ही समज त्या कामात होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेत हृदयशल्यचिकित्सक डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने हृदयाची कृत्रिम झडप बनली. आधीची रूपं फसली, तरी काम थांबलं नाही, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. बाहेरच्या झडपांपेक्षा ती स्वस्त होती. आमच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनतात, फाउंड्रीत बारीक ओतकाम होतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडणारी माणसं लेथवर उभी असतात. डॉक्टर, अभियंते आणि असे कारागीर एका शहरात, एका रिक्षाच्या अंतरावर असणं हे किती गावांच्या नशिबात आहे? त्यांच्या मुलांना एकत्र बसवण्याचं काम तेवढं कोणी हाती घेत नाही.

पोटापाण्याचं कारणही आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद केली, तेव्हा राज्यागणिक १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद पडलेली आढळली. ती दुरुस्त करणारे हात लागतात. दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्या मुलाला हा रस्ता आहे हे कोणी सांगायचं?

इतर ठिकाणी हे कसं करतात, तेही बघा. इस्रो २०१९ पासून नववीच्या मुलांसाठी 'युविका' हे उन्हाळी निवासी शिबिर घेते. प्रवास, राहणं, जेवण इस्रोचं, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांच्या मुलांना निवडीत जादा गुण. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ हायस्कूलच्या मुलांना उन्हाळ्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकवतं. तिथली फी मोठी आहे, आणि आपल्याकडच्या जाहिराती बहुधा त्याच वळणावर गेल्या आहेत. पण एमआयटीच्या बीव्हर वर्क्स उन्हाळी शाळेत वैद्यकीय माहितीच्या विश्लेषणाचा वर्ग असतो, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फी पडत नाही. नक्कल करायचीच असेल तर या फी माफीची करा.

माझ्या मागण्या अशा.

येत्या उन्हाळ्यापासून प्रत्येक शिबिरात निम्म्या जागा सरकारी आणि अनुदानित, मराठी-कन्नड माध्यमाच्या शाळांतल्या मुलांसाठी ठेवा. त्यांना फी, जेवण, राहणं मोफत. त्यातल्या निम्म्या मुलींसाठी, आणि मुलींच्या होस्टेलवर स्त्री वॉर्डन रात्रंदिवस असली पाहिजे, नाहीतर पालक पाठवणार नाहीत.

अर्ज मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत काढा. निबंध मागू नका. 'तुमच्या घरात किंवा गावात आजारी माणसाची कोणती अडचण तुम्ही पाहिली?' एवढा एक प्रश्न विचारा, उत्तर कोणत्याही भाषेत, चित्र काढून दिलं तरी चालेल. मार्कांची चाळणी लावू नका.

लॅपटॉपची अट काढा. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळा वापरू द्या.

रुग्णालयाची भेट ठेवाल तर आजाऱ्यांची परवानगी आणि मान राखून ठेवा. वॉर्डात मुलांची रांग फिरवून फोटो काढण्याला माझा विरोध आहे. त्यापेक्षा यंत्रदुरुस्ती विभागात दोन दिवस बसवा, बंद पडलेला रक्तदाबमापक त्यांच्या हातात द्या आणि उघडू द्या.

शिबिर संपलं की मुलाचा आणि कॉलेजचा संबंध तुटू नये. वर्षभर महिन्यातून एक शनिवार प्रयोगशाळा त्यांच्यासाठी उघडी ठेवा आणि प्रत्येक तालुक्याच्या एका शिक्षकाला सोबत प्रशिक्षण द्या. माझ्यासारख्यांना याची गरज मुलांइतकीच आहे.

शिक्षण खात्याने प्रत्येक तालुक्याच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयातून या शिबिरांचं परिपत्रक शाळांपर्यंत पोचवावं. उन्हाळ्यात अटल लॅब उघड्या ठेवण्याचा आदेश काढावा आणि त्या चालवणाऱ्या शिक्षकाला त्या दिवसांचा मोबदला द्यावा, कारण फुकट राबवून घेतलेलं काम दुसऱ्या वर्षी बंद पडतं.

याला पैसा लागेल हे मला कळतं. सगळा भार आपण एकट्याने उचला असं मी म्हणत नाही. उद्यमबागेतल्या कारखानदारांकडे सामाजिक कामाचा निधी मागायला मी आणि माझे सहकारी शिक्षक आपल्यासोबत यायला तयार आहोत. आमच्या शाळेच्या एसडीएमसीने, म्हणजे पालकांच्या शाळा समितीने, तांदूळ आणि कडधान्य देण्याची तयारी दाखवली आहे. मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं, बसपर्यंत सोडणं-आणणं हे आम्ही करू.

एसएसएलसीची पूर्वपरीक्षा सुरू होण्याआधी अर्ज शाळांत पोचायला हवेत, म्हणून जानेवारीच्या अखेरीपर्यंत लेखी उत्तर द्यावं ही विनंती. चर्चेला बोलावलंत तर शाळा सुटल्यावर कोणत्याही दिवशी येईन, आणि तो सलाईनचा गजर सोबत आणीन, म्हणजे त्यातलं काय चुकतं आहे ते आपल्या प्राध्यापकांना बघता येईल.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक विज्ञान शिक्षिका